केटिलचे खोगीर

धुरावून काळपट झालेली मेंढीची मांडी फळीवर आडवी घालून ग्रोआ तिचे पातळ काप काढीत होती. शेजारी राय धान्याच्या भाकऱ्यांची चळत, सुकवलेला मासा आणि लोण्याचा डबा मांडून ठेवला होता. गेली सव्वीस वर्षे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने ही शिदोरी बांधली होती. शिदोरी तिच्या हातची असे आणि वाट केटिलच्या पायांची. जून महिन्यात साऱ्या खोऱ्याच्या मेंढ्या डोंगरावर मोकळ्या सोडल्या जात. थंडी उतरू लागली की त्या गोळा करून खाली आणायच्या, आणि त्यासाठी प्रत्येक वस्तीने एक स्वार द्यायचा, असा तिथला नेम होता. क्लेव्ह वस्तीचा स्वार म्हणजे ग्रोआचा नवरा केटिल.

यंदा केटिल खिडकीजवळच्या खाटेवर होता. ईस्टरच्या सुमारास त्याच्या पोटात कर्करोग सापडला. जुलैत डॉक्टरांनी औषधांचा मारा थांबवला आणि आता वेदना कमी ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे, असे सौम्य शब्दांत सांगितले. तेव्हापासून ग्रोआचा दिवस पिकदाणी, थेंबांची बाटली आणि बदलायच्या चादरी यांच्याभोवती फिरत असे.

आजची शिदोरी मात्र केटिलची धाकटी बहीण स्वावा हिच्यासाठी होती. ती परवाच राजधानीहून मदतीला आली होती, आणि या क्षणी अंगणात, आडव्या येणाऱ्या बारीक पावसात, केटिलच्या तांबड्या घोडीवर बसण्याचा सराव करीत होती. घोडी तिला गोठ्याकडे नेई; स्वावा लगाम ओढून तिला कुंपणाकडे वळवी; घोडी पुन्हा गोठ्याकडे जाई. ग्रोआ खिडकीतून हे पाही आणि तिची सुरी मांसात हवी त्याहून खोल जाई.

हे असे का झाले, ते सांगितले पाहिजे. पंधरवड्यापूर्वी स्टेइनार आला होता. खोऱ्यातली माणसे त्याला डोंगरराजा म्हणत. कारण मेंढ्या गोळा करण्याचे तीन दिवस सर्वांवर त्याचा शब्द चाले. त्याने टोपी हातात घेऊन, चुलीकडे पाहत सांगितले, की सभेत सर्वांनी एकमताने क्लेव्हची पाळी माफ केली आहे. घरात एवढे ओझे असताना वर आणखी डोंगर कशाला! ग्रोआने त्याला कॉफी दिली, आभार मानले, आणि तो गेल्यावर आधीच स्वच्छ असलेले पातेले पुन्हा घासायला घेतले.

कारण एक गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती. लग्नापूर्वी, पलीकडच्या खोऱ्यात माहेरी असताना, ती स्वतः चार वर्षे डोंगरावर गेली होती. केटिल अंथरुणाला खिळला, तेव्हा तिच्या मनात पहिला नव्हे, पण फार उशिराचाही नव्हे, असा एक विचार आला होता: यंदा हा जाणार नाही, म्हणजे मी जाणार. त्या विचाराची तिला लाज वाटली. लाज वाटली म्हणून विचार गेला नाही. आणि आता साऱ्या खोऱ्याने मिळून, तिच्यावर दया करून, तो डोंगर तिच्या हातून काढून घेतला होता.

केटिलला माफीची गोष्ट कळली तेव्हा तो संतापला. क्लेव्हचे नाव यादीतून गाळणारा स्टेइनार कोण, असे त्याने विचारले. स्वावा येतेच आहे, ती जाईल, असे त्याने फोनवरून कळवूनही टाकले. समोर उभ्या असलेल्या बायकोकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

ग्रोआच्या मत्सराला तेव्हापासून सीमा राहिली नव्हती. स्वावाचा तर तिला हेवा वाटेच. पण खरे सांगायचे तर आजाऱ्याचाही वाटे. दर मंगळवारी गावची परिचारिका येई, केटिलची पावले मांडीवर घेई आणि कोमट तेलाने हळूहळू चोळी. ग्रोआ दारात उभी राहून बघत असे. पहाटे साडेचारला गोठ्यात शिरलेली तिची स्वतःची पावले रबरी बुटांत ठणकत असत, आणि त्या क्षणी नवऱ्याच्या दुखण्याहून त्याच्या पायांवरचा तो परका, मऊ हातच तिला अधिक दिसे.

स्वावा भिजून आत आली. घोडी फार हट्टी आहे, म्हणाली. मग चुलीशी हात शेकत ती बोलून गेली, “तुला सांगते ग्रोआ, मला या मोकळ्या हवेची फार गरज होती. केटिलला असं पडलेलं बघवत नाही गं.”

ग्रोआने सुरी खाली ठेवली. “अन् मला बघवतं?”

स्वावा खाली बसली आणि, शहरातली नीटनेटकी बाई असूनही, ओल्या बाहीने नाक पुसू लागली. “मला भीती वाटते,” ती म्हणाली. “काल तू गोठ्यात होतीस तेव्हा त्याला उलटी झाली. मी दाराबाहेर उभी राहिले. तू येईपर्यंत तशीच उभी होते. आत गेलेच नाही.”

ग्रोआला दया यायला हवी होती. तिला पुन्हा हेवाच वाटला. या बाईला भिण्यापुरते एक दार तरी होते. आपल्याला सहा महिन्यांत कोणत्या दाराबाहेर उभे राहता आले? ती हात पुसून सरळ केटिलच्या खोलीत गेली.

“डोंगरावर मी जाती,” ती म्हणाली.

केटिल खिडकीबाहेर बघत राहिला. “स्वावा जातीया की.”

“स्वावाला घोडीचं त्वांड कुठं अन् शेपूट कुठं, त्येचा पत्त्या न्हाई. तरी तिलाच का धाडतुयास?”

“म्हणूनच.”

“म्हंजे?”

पाऊस काचेवरून ओघळत होता, आणि पलीकडे माळावरची खुरटी झुडपे पहिल्या गारठ्याने तांबूस झाली होती.

“ती गेली तर पाव्हणी गेली,” शेवटी तो म्हणाला. “चार लोकं हसतील अन् इसरून जातील. तू गेलीस तर बरी निभावशील. माझ्याहून बरी. मग माझी जागा भरली, ग्रोआ. मी जित्ता असताना भरली.”

ग्रोआ खाटेच्या कडेला बसली. इतके दिवस तिला वाटत होते, की या घरात जळणारे माणूस एकटे आपणच. आणि इथे हा, हाडांची मोळी झालेला माणूस, तिच्या धडधाकट पायांवर जळत पडला होता.

“मला तुझ्या पायांचा हेवा वाटतुया,” ती म्हणाली. “नर्सबाई मंगळवारी चोळती तवा. दारात उभी ऱ्हाऊन जळती मी.”

केटिलने मान वळवून तिच्याकडे निरखून पाहिले. “पाय पायजेत व्हय? घे की. पोटासंगट घ्यावं लागतील.”

तो हसला आणि हसल्याने कळ येऊन पोट धरून बसला. तीही हसली. कित्येक महिन्यांत त्या खोलीत कोणी हसले नव्हते. कळ ओसरल्यावर त्याने डोळे मिटले आणि हातानेच खूण केली. जा.

ती खूण रागाची होती की परवानगीची, हे विचारायला ग्रोआ थांबली नाही. तिने स्वावाला सगळे दाखवून दिले: थेंब किती, केव्हा, पिकदाणी कुठे, चादर त्याला न उठवता कशी सरकवायची. दुसऱ्या दिवसापासून परिचारिका सकाळ-संध्याकाळ येईल, अशी तजवीज केली. “भ्या वाटलं तरी दारातनं आत यायचं,” तिने बजावले. “मलाबी वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तिने केटिलचे खोगीर घोडीवर कसले. रिकिबी तिच्या पायांना लांब होत्या. पट्टे तिने दोन छिद्रे वर घेतले. खिडकीतून केटिलने ते पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

डोंगरराजा तिला पाहून गडबडला. पण यादीत क्लेव्हचे नाव पुन्हा लागले होते आणि स्वार हजर होता, त्यामुळे त्याला बोलायला जागा नव्हती. त्या तीन दिवसांचे वर्णन करू लागलो तर कथा लांबेल. पहिल्या मुक्कामी निवाऱ्याच्या फळीवर ती सांजेला आडवी झाली ती सकाळी कॉफीच्या वासानेच उठली. घोरणाऱ्या चौदा पुरुषांनी तिची झोप मोडली नाही. कारण त्यांतल्या कोणाचेही कण्हणे ऐकण्याची जबाबदारी तिच्यावर नव्हती. दुसऱ्या दिवशी ढग फाटले आणि हिमनदी टोकापासून टोकापर्यंत उघडी पडली.

तिसऱ्या दिवशी मेंढ्या खाली कुंपणाच्या वाडग्यात आल्या, तेव्हा शेजारणी तिच्याभोवती जमल्या. घरी जाऊन केटिलला सांग, हवा खराब होती, धुक्यात काही दिसले नाही, तो कशालाच मुकला नाही, असा सर्वांनी तिला प्रेमाने सल्ला दिला. तिलाही तो पटला.

घरी स्वावा बाह्या सरसावून चादरी पिळत होती. तिने मान हलवून, सगळे ठीक, असे दाखवले. केटिल भिंतीकडे तोंड करून पडला होता. ग्रोआ चिखलाच्या बुटांसकट खाटेवर बसली. तिच्या अंगाला ओल्या लोकरीचा आणि घोडीच्या घामाचा वास येत होता. तो वास त्याने खोल ओढून घेतलेला तिने पाहिला, आणि पाठ केलेले खोटे तिच्या तोंडून फुटेना.

“हवा सोन्यासारखी व्हती,” ती म्हणाली.

त्याची पाठ ताठ झाली. तिला वाटले, आता हा रडणार. मग भिंतीकडूनच आवाज आला, “हिमनदी दिसली?”

“समदी.”

तो कष्टाने कुशीवर वळला. “पयल्यापास्नं सांग. काय बी गाळू नगंस.”

तिने सांगितले. काळ्या खिंडीपर्यंत येताच त्याने तिला अडवले. “वरनं गेलीस? वरनं कोण जातं? खालनं जायाचं.”

“खाली व्हाळ फुगला व्हता.”

“व्हाळ दर सालीच फुगतुया. घोडी पवती की.”

“तू पवव. मला भिजायचं न्हवतं.”

स्वावा दारातून आत आली आणि हळू आवाजात म्हणाली, की त्याला इतके बोलवू नये, दमेल. दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिले नाही.

“किती राह्यल्या वर?” केटिलने विचारले.

“सात.”

“सात लय झाल्या.”

“मागल्या साली तुझ्या हातनं अकरा राह्यल्या व्हत्या.”

केटिलने उशीवर डोके टेकले.

“बारा,” तो म्हणाला. “एक मी कुणाला सांगितली न्हवती.”