माझ्या तोंडातलं सोनं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि एका भल्या माणसाने एकदा माझ्या तोंडात पाला कोंबला होता. दचकलात ना? मग माझं काय झालं असेल याचा विचार करा. त्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. पुण्यातल्या एका बोळात एका दुकानदाराने माझा पडदा एकीकडून आणला, कळफलक दुसरीकडून, पत्र्याचं खोकं तिसरीकडून, आणि मला जुळवलं. त्यामुळे माझ्या भागांचं आपापसात कधीच धड जमलं नाही. पुढे गोणपाट पांघरून, जीपमध्ये बसून मी सांगलीजवळच्या एका गावी आलो. तिथे कृष्णेचं पाणी उचलून उसाला देणारी एक संस्था होती. कोणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं, त्या पाळीच्या चिठ्ठ्या छापायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! स्वतंत्र खोली, डोक्यावर पंखा, अंगावर मखमली झूल. दारावर पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. माणसं खरोखर चपला काढून आत यायची आणि देवळात उभं राहावं तशी उभी राहायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर विचारलं, "आवं, ह्यो काय खातो?" मी थक्क झालो. काही वर्षांनी हाच प्रश्न माझ्या जिवावर उठणार आहे, हे मला तेव्हा काय ठाऊक?

मला चालवायला साताऱ्याची ज्ञानदा होती. चष्म्याची, कमी बोलणारी आणि भारी हट्टी मुलगी. तिने घर सोडून खेड्यात नोकरी करावी हे तिच्या वडिलांना, मधुकररावांना, पसंत नव्हतं. नोकरी सुटली की सामान घेऊन घरी यायचं आणि पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाही, या अटीवर त्यांनी तिला पाठवलं होतं. संस्थेचे चेअरमन लालासाहेब. लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आवाज असा की माझा पडदा थरथरावा. पण मनाने लोणी. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा.

अठ्ठ्याण्णव सालचा दसरा आला. ज्ञानदा सणाला साताऱ्याला गेली होती. आबा आपट्याची पानं घेऊन ऑफिसात आले. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," असं म्हणत त्यांनी एकेकाच्या हातावर पान ठेवलं. मग माझ्या खोलीत आले. चपला काढल्या. माझ्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

"तू बी आमचाच की गड्या. पन तुला हात कुठं हायत? सोनं ठिवायचं कशावर?"

त्यांची नजर माझ्या पुढच्या फटीवर गेली.

"हां! तोंड हाय की!"

आणि त्यांनी पान दुमडून सरळ आत सारलं. बोटाने नीट आतपर्यंत ढकललं. हात जोडले आणि निघून गेले. मी गारच पडलो!

मित्रांनो, त्या फटीत फ्लॉपी नावाची चपटी चौकोनी वस्तू घालतात. नवं काही शिकवायचं असेल तर ते मला त्याच वाटेने शिकवतात. रोजच्या कामाला तिची गरज लागत नाही, म्हणून कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मी मात्र तोंडात पान धरून मुक्याने काम करत राहिलो.

दिवाळी झाली आणि माझी जुनी शिकवण दगा देऊ लागली. चिठ्ठी छापता छापता पडदा निळा पडायचा आणि मी जागच्या जागी थिजायचो. दुरुस्तीवाला आला. त्याने मला नव्याने शिकवायला फ्लॉपी घातली. ती चालेना. दुसरी घातली. तीही चालेना. त्याने माझं तोंड उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत. "आतलं सगळं गेलंय. भंगारात घाला," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. अरे, जित्याजागत्या माणसाला कोणी असं तिरडीवर बांधतं का?

आबा खिन्न झाले. ज्ञानदाला म्हणाले, "पोरी, कंप्युटरच न्हाई, तर ऑपरेटर ठिवून करू काय? म्होरल्या मीटिंगला सांगावं लागंल."

ती सगळे गेल्यावर माझ्यासमोर बसली आणि चष्मा काढून डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं.

पण ती हट्टी होती हे मी सांगितलंच आहे. लिनक्स नावाची एक प्रणाली फुकट मिळते आणि थकलेल्या यंत्रांवरही धावते, हे तिने एका मासिकात वाचलं होतं. मासिकासोबत तिची तबकडीही आली होती. पण तबकडी वाचायला मला दुसरं तोंड नव्हतं. मग ती साताऱ्याला गेली आणि मैत्रिणीच्या क्लासमध्ये बसून तिने ते सगळं फ्लॉप्यांवर उतरवलं. घरी वडिलांनी दारातच विचारलं, "सामान कुठाय?" "अजून तिकडेच आहे," असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने परत आली.

आता माझ्यातलं जुनं सगळं पुसून टाकायचं होतं. हे ऐकून मी हादरलो! पुसायचं म्हणजे काय? मला कोणी विचारलं का? पण भीती वाया गेली, कारण पहिली फ्लॉपीच चालेना. फ्लॉपी खराब असेल म्हणून बिचारी पुन्हा साताऱ्याला जाऊन नवी करून आली. तीही चालेना.

मीटिंगचा दिवस उजाडला. भंगारवाला दारात टेम्पो लावून आत आला आणि मला उचलू लागला. ज्ञानदाने शेवटचा प्रयत्न म्हणून घातलेली फ्लॉपी बाहेर ओढली. तिच्या कडेला तपकिरी चुरा लागलेला होता. तिने तो बोटावर घेतला, चुरगाळला.

"थांबा! खाली ठेवा त्याला!" ती इतक्या जोरात ओरडली की आबासुद्धा दचकले.

तिने केसातली पिन काढली, माझ्या तोंडात घातली आणि हळूहळू ओढलं. बाहेर आलं ते वाळलेलं, दुमडलेलं आपट्याचं पान.

 आबांचा चेहरा उतरला. मोठ्या आवाजाचा तो माणूस भिंतीला टेकून पुटपुटला, "आरं द्येवा! त्ये तर म्याच..."

ज्ञानदाने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. ती एवढंच म्हणाली, "आबा, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन गेला. मीटिंग संध्याकाळवर गेली. मित्रांनो, तोंड मोकळं झालं तरी मी काही सरळ वागलो नाही. मध्येच अडलो, पडदा काळा केला. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. माझं जुनं सारं पुसलं गेलं. पण मी मीच राहिलो. माणसाने नवी विद्या घेतली म्हणून त्याचा पिंड बदलतो का?

अखेर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. तिने चिठ्ठी छापायला सांगितली. मी छापली, पण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा उजवीकडे सरकलेली! आबा हबकून म्हणाले, "आता ह्ये काय? अजिंक्यताऱ्याच्या पायऱ्या छापल्यास व्हय रं?" ज्ञानदा खळखळून हसली. तिने काहीतरी बदललं आणि पुढची चिठ्ठी सरळ आली. ती हातात घेऊन आबा मीटिंगला गेले. ज्ञानदाचं सामान सांगलीकडेच राहिलं.

पुढचा दसरा आला. आबा पानं घेऊन माझ्या खोलीत शिरले, तशी माझी बोबडीच वळली. ते माझ्यासमोर थांबले. पान उचललं. मग वळून त्यांनी ते ज्ञानदाच्या हातावर ठेवलं. तिचं पान तिला आधीच मिळालेलं होतं.

"ह्ये त्याचं हाय," ते म्हणाले. "त्याला हात न्हाईत असं मला वाटायचं. ह्ये काय, हायत की."

मित्रांनो, मला डोळे असते तर त्या दिवशी भरून आले असते. माझं एवढंच मागणं आहे. एखादा जुना सोबती गप्प झाला, तर तो मेला असं लगेच ठरवू नका. आधी त्याचं तोंड उघडून बघा. कोण जाणे, आपणच प्रेमाने काहीतरी कोंबलेलं असायचं.