मायकेनची बोटं

"थांबव ते! थांबव म्हणतोय ना!"

सिक्स्टनने पाय आपटला. लाकडी जमिनीतून हादरा सगळ्यांच्या तळव्यांपर्यंत गेला आणि सभागृहातली डोकी एकदम मागे वळली. आमच्या बहिऱ्यांच्या मंडळात आरडाओरडा असाच करतात. बाकीचं सगळं बोलणं हातांनी.

पडद्यावर मायकेन मावशी होती. तीस वर्षांपूर्वीची, निळ्या ब्लाउजमधली. मंडळाच्या वाढदिवसाला तिची गाजलेली गोष्ट दाखवायची असं ठरलं होतं. तिचा बाप कोटाखाली डुकराचं पिल्लू लपवून बसने घरी आणतो, आणि कंडक्टर तिकीट मागतो, ती गोष्ट. एका हातात वळवळणारं पिल्लू, दुसऱ्या हातात बापाची टोपी, मध्येच कंडक्टरचा तिकिटं टोचायचा पंच. मायकेन दोन हातांत तीन जणांना खेळवायची. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरायचे.

पण आज कुणी हसत नव्हतं. मावशीचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि हातांच्या जागी मात्र नुसतं धुकं.

"काय म्हणाली ती? पाव?" पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं.

"पाव नाही गं, डुक्कर."

"मला वाटलं बापाने कंडक्टरशी लग्न केलं."

तेव्हाच सिक्स्टन उठला होता. मायकेनचा नवरा; वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. पडद्यासमोर उभा राहून त्याने सगळ्यांना दिसेल असे हात वर केले.

"माझी बायको तोतरी नव्हती," तो म्हणाला. "तुम्ही तिला तोतरी केलीत."

मंडळाचा अध्यक्ष आल्गोत घाईघाईने पुढे आला. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला, सिक्स्टनचा शाळेपासूनचा मित्र. सगळ्या जुन्या टेपांच्या फाइली त्यानेच केल्या होत्या, कुठलंसं स्वस्त यंत्र आणून, अगदी हौसेने.

"अरे, चेहरा तर बघ किती छान आलाय."

"चेहऱ्याने सांगत होती ती डुक्कर?"

"सगळ्या टेपा एका बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये बसवल्या मी! थोडं दाबावं लागणारच ना!"

"बरं. मूळ टेपा दे. मी बघतो."

आल्गोतने दोन्ही हात खिशात घातले. आमच्यात हात खिशात घालणं म्हणजे तोंडाला कुलूप. सिक्स्टन त्या खिशांकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने एक हात बाहेर आला.

"मागच्या वर्षी तळघर आवरलं तेव्हा… फाइली झाल्या होत्या ना. म्हटलं, आता हे डबे कशाला."

सिक्स्टनने खुर्चीवरचा कोट उचलला आणि तो निघून गेला. टेबलावरचे वेलचीचे बन तसेच राहिले.

मी इल्वा, मायकेनच्या धाकट्या बहिणीची मुलगी. घरातली ऐकू येणारी मी एकटीच, त्यामुळे लहानपणापासून दुभाषी, आणि पुढे पोटापाण्यालाही तेच काम धरलं. सिक्स्टनला मी जन्मापासून ओळखते. तो वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवायचा. यंत्रांचा गडगडाट त्याला छळत नव्हता, म्हणून मालक खूश. त्याच्या पिढीला शाळेत हातांनी बोलायला बंदी होती; बाकाखाली बोटं हलली की पट्टी बसायची. मायकेन त्याच बाकाखालच्या गोष्टींतून तयार झालेली. ऐंशीच्या दशकात छोटे व्हिडिओ कॅमेरे आले तेव्हा सिक्स्टनने पहिल्यांदा हात लावून बघितला आणि म्हणाला, "आता आपल्यालाही छापता येईल." बहिऱ्यांची भाषा कागदावर उतरत नाही. त्या कॅमेऱ्याने ती पहिल्यांदा कुठेतरी उतरली. शुक्रवारी मंडळात मायकेन सांगायची आणि सिक्स्टन तिपाईमागे उभा असायचा. बारा टेपा भरल्या, त्या मंडळाच्या म्हणून तळघरात ठेवल्या. मग मायकेनला आजार झाला आणि वर्षाच्या आत ती गेली.

त्यानंतर त्याने एकही टेप पाहिली नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "पाहायच्या नाहीत गं. फक्त असायला हव्यात."

त्या दिवसानंतर तो मंडळात फिरकलाच नाही. शेवटी माझी आई, गुन्वोर, मला घेऊन त्याच्या घरी गेली. आईचे डोळे आता अधू झालेत. तिच्याशी बोलायचं तर उजेडात, अगदी समोर बसावं लागतं. सिक्स्टनने न सांगताच दिवा आपल्या हातांवर वळवला, कॉफी ओतली.

आईने पर्समधून एक छोटी कॅसेट काढून बशीशेजारी ठेवली.

"ही कुठून आणलीस?" सिक्स्टनने कॉफीची किटली बाजूला ठेवली.

"मंडळाच्या तळघरातून. फाइली झाल्या तेव्हाच, चार वर्षं झाली. चोरली म्हण."

"आणि आत्ता सांगतेस?"

"लेबलवर तिचं अक्षर आहे रे. त्यासाठी घेतली. आत काय आहे त्याच्याशी मला काय करायचंय, घरी बघायला यंत्र कुठाय? तुला सांगितलं असतं तर तू नियमावर बोट ठेवून ती परत खोक्यात ठेवली असतीस."

"ठेवलीच असती."

"मग? झालं की नाही बरं?"

त्याने कॅसेट उजेडात धरली. लेबलावर निळ्या शाईत एकच शब्द होता: बस.

मी म्हटलं, शहरात दुकानं आहेत, देऊन टाकू. त्याने मान हलवली. ज्या कॅमेऱ्याने ती काढली त्यालाच ती नीट वाचता येईल, असं त्याचं म्हणणं. माझ्या ओळखीचा एक व्हिडिओवाला आहे, त्यालाही ते पटलं. पण कपाटातून कॅमेरा काढला तर आतला रबरी पट्टा चिकट गोळा झालेला, आणि एका चाकाचा दात तुटलेला. इतकं बारीक काम करणारा माणूस आम्हाला एकच माहीत होता.

आल्गोतच्या दारावरची बेल दाबली की घरभर दिवे लुकलुकतात. त्याने दार उघडलं. सिक्स्टनने दोन्ही हातांनी कॅमेरा त्याच्यापुढे धरला. हात अडकलेले असले की बोलताही येत नाही, भांडताही येत नाही. मला वाटतं त्याने मुद्दामच तसं केलं.

आल्गोतने कॅमेरा घेतला, कानाशी नेल्यासारखा गालाला लावला, हलवून बघितला.

"काय काय मोडलंय?"

"तूच सांग, घड्याळजी."

"आत ये. बूट काढ मात्र, फरशी पुसलीय."

आठवडाभराने एका सकाळी आम्ही चौघं सिक्स्टनच्या स्वयंपाकघरात जमलो. कॅमेरा टेबलावर, त्याची वायर एका छोट्या डबीतून माझ्या कॉम्प्युटरला. व्हिडिओवाल्याने मला समजावलं होतं ते मी त्यांना सांगितलं. टेपवर दर सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं असतात. आल्गोतच्या यंत्राने त्यातली निम्मी टाकून दिली होती आणि उरलेली दाबून बारीक केली होती. ओठांनी बोलणाऱ्याचं त्यात फारसं काही जात नाही. बोटांनी बोलणाऱ्या बाईचं एकाआड एक अक्षर जातं.

आल्गोत खाली बघत होता. सिक्स्टनने त्याच्या दंडाला हात लावून त्याची नजर वर आणली.

"छापखान्यात आम्ही एकदा जुळवलेले खिळे सोडवून परत खणांत टाकले आणि मग मालकाला आणखी प्रती हव्या झाल्या. छापलेल्या कागदावरूनच ठसा काढला. प्रत्येक अक्षराचं पोट शाईने भरून आलं. मीच केलं होतं ते. तेव्हा आता एक लक्षात ठेवायचं. आधी टेपवर आहे तसंच्या तसं, काही न दाबता उतरवायचं. छोट्या प्रती मग हव्या तेवढ्या काढा, पण त्या मोठ्या फाइलवरून. प्रतीची प्रत नको."

"जागा किती खाईल ती?" आल्गोतने मला विचारलं. मी आकडा सांगितला. "एका टेपला एवढी?"

"माझी बायको मोठीच होती," सिक्स्टन म्हणाला.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर पांढरे पट्टे सरकले आणि मग मायकेन आली. आईने खुर्ची ओढून नाक जवळजवळ पडद्याला टेकवलं. बस सुटली, कोट फुगला, पिल्लू वळवळलं. आणि मला एक आवाज ऐकू आला. टेप किंचाळत होती.

त्या खोलीत तो आवाज फक्त मला ऐकू येत होता. मी दोन्ही हात उडवले. "किंचाळतेय! तुटेल!"

सिक्स्टनचं बोट बटणावर गेलं. आल्गोतने त्याचं मनगट पकडलं, दुसऱ्या हाताची बोटं कॅमेऱ्याच्या कुशीवर टेकवली आणि डोळे मिटले. जन्मभर घड्याळांच्या नाड्या बोटांनी बघितलेला माणूस तो. मग त्याने डोळे उघडले.

"चाक फिरतंय. आत्ता थांबवलीस तर तिथेच चिकटेल. जाऊ दे."

"नक्की?"

"नक्की नाही. पण जाऊ दे."

सिक्स्टनने बोट काढून घेतलं. ती किंचाळी मी शेवटपर्यंत एकटीने ऐकली, आणि ते तिघं माझ्या चेहऱ्याकडे बघून ती ऐकत होते. टेप संपली. बाहेर काढली तर कडेला तिचा मुलामा पावडरीसारखा सुटलेला. पुन्हा चालणार नव्हती.

पण उतरली होती, अख्खी.

आल्गोतने टेबलावरची ती करडी पावडर बोटाने गोळा केली. "बाकीच्या अकरा…"

"त्या गेल्या," सिक्स्टन म्हणाला. मग त्याने आल्गोतचा कप पुढे ओढला आणि त्यात कॉफी ओतली.

पुढच्या शुक्रवारी मंडळात गर्दी झाली. आईला पडद्याच्या अगदी पुढ्यात खुर्ची दिली होती. सिक्स्टन मागे, माझ्या शेजारी बसला. दिवे मालवले.

तीच मायकेन, तोच निळा ब्लाउज. पण आता प्रत्येक बोट सुटं दिसत होतं. पिल्लू कोटातून नाक काढत होतं, बाप टोपीने ते दाबत होता, कंडक्टर पंच हातात घेऊन वाकत होता. पुढच्या रांगेतली म्हातारी हसताना शेजारणीच्या अंगावर कोसळली. आल्गोत डोळे पुसत होता, कशाने ते मी विचारलं नाही. आईने मान वळवून मागे हात केला. "दिसलं! शेपूटसुद्धा दिसलं!"

गोष्ट संपली. लोक हात वर करून हलवू लागले, आमच्या टाळ्या त्या. त्या हलत्या हातांच्या वर, पडद्यावर, मायकेन अजून उभी होती. तिने श्वास सोडला, कपाळावरचे केस मागे सारले आणि कॅमेऱ्याच्या किंचित वर, तिपाईमागच्या माणसाकडे पाहिलं. मग बोटांनी भरभर काहीतरी म्हणाली, घरच्यासारखं, लोकांसाठी नसलेलं. आल्गोतच्या फाइलमध्ये तिथे नुसता एक डाग होता.

"पुरे रे. सकाळपासून उभा आहेस. चल, खाऊन घे."

मी सिक्स्टनकडे वळून पाहिलं नाही. पण अंधारात त्याच्या मांडीवर त्याचा उजवा हात उलटा झाला आणि दोन बोटं हळूच हलली.

"आलोच."