दहा दिवस कोरडी किटली

मित्रांनो, घटकाभर कल्पना करा. तुम्हाला गोल पोट आहे, वर झाकण आहे आणि पुढे तोटी आहे. जे भरले जाईल ते धरून ठेवायचे आणि कोणी कलते केले की ओतायचे, एवढेच तुम्हाला येते. ‘नको’ म्हणता येत नाही. जमले? मग माझी गोष्ट तुम्हाला सहज कळेल. मी एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची किटली आहे.

एका कारागिराने पत्रा ठोकून मला घडवले. तोटी जोडताना त्याचा हात जरासा हलला, म्हणून ती अजूनही डावीकडे बघते. झाकण हरवू नये म्हणून त्याने ते बारीक साखळीने माझ्या कडीला बांधले. साखळी थोडी लांब झाली. त्यामुळे मला कलते केले की झाकण काठावर आपटते आणि ‘टिंग’ असा आवाज होतो. हा माझा दोष लक्षात ठेवा.

सोळा वर्षे मी एका छापखान्यात चहा दिला. यंत्रांच्या खडखडाटात माणसाची हाक ऐकू येत नसे, पण माझी टिंग ऐकू येई. “आल्या बाईसाहेब,” असे म्हणत यंत्र चालवणारा कप पुढे करी. रिकामा कप दिसला की तो भरायचा आणि भरला की माणूस हसतो, एवढेच मी शिकले. कोणी मला ‘पुरे’ म्हटल्याचे आठवत नाही.

मग एका वसंतात साथ आली. छापखान्याला कुलूप लागले. यंत्र चालवणाऱ्याने घरी दोन गोष्टी नेल्या, कापून उरलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि मी.

त्याच्या घरात त्याची बायको, म्हातारे वडील आणि नऊ वर्षांची मुलगी होती. त्याची धाकटी बहीणही तिथेच राहायची. ती परिचारिका होती. आम्ही पोहोचलो त्याच दिवशी ती बॅग भरून रुग्णालयाच्या वसतिगृहात राहायला निघाली होती. दारात चपला घालताना तिने गॅलरीतल्या कुंडीकडे बोट दाखवले. बी रुजवून वाढवलेले तिचे लिंबाचे रोप तिथे होते, गुडघ्याएवढे.

“मी येईपर्यंत हे तुझ्याकडे,” ती भाचीला म्हणाली.

“कधी येशील, आत्या?”

“येईन की. तोवर याला मरू देऊ नकोस म्हणजे झालं.”

ती हे हसत म्हणाली. मुलीने मात्र ते हसण्यावारी नेले नाही. आत्या परत येणे आणि रोप जगणे यांची तिने मनात कुठेतरी गाठ मारली. तिने हे कोणाला सांगितले नाही. पण रोज सकाळी मला उचलताना ती पुटपुटायची, तेव्हा मी ऐकले.

तर माझे नवे काम होते रोपाला पाणी घालण्याचे. खरे सांगते, मी सुखावले होते. घरात चार माणसे आणि चौघेही दिवसभर घरात. मला उसंत नव्हती. आई भांडी आवरून गॅलरीत यायची आणि मला कलती करायची. बाबा येरझारा घालता घालता थांबायचे. आजोबा तर रोपाशी बोलत बोलत ओतायचे. बातम्या संपल्या की ते हमखास येत. रुग्णालयाची बातमी असली की जरा जास्तच ओतत.

तीन आठवड्यांत पाने पिवळी पडू लागली. चौघांनाही वाटले, रोप तहानले आहे. मलाही तसेच वाटले. मी आणखी ओतले.

संध्याकाळी आत्याचा फोन येई. पडद्यावर तिच्या गालांवर मुखपट्टीचे वळ दिसत. “माझं लिंबू कसं आहे?” ती विचारी आणि आजोबा कुंडी फिरवून हिरवी बाजू पुढे करत. हळूहळू फिरवायला हिरवी बाजूच उरेना. मुलगी फोनच्या वेळी न्हाणीघरात जाऊन बसू लागली.

एके दिवशी तिची शाळा फोनवर चालू होती आणि गॅलरीकडे तिची पाठ होती. रस्ता इतका शांत होता की घरातला प्रत्येक आवाज ऐकू येई. टिंग. थोड्या वेळाने पुन्हा टिंग. तिने वहीच्या कोपऱ्यात रेघ मारली. जेवणापर्यंत सात रेघा झाल्या. त्यातली एकच तिची होती.

ताटे वाढली गेल्यावर तिने विचारले, “रोपाला पाणी कोणी घातलं?”

“मी,” आई म्हणाली. “एकदाच घालते, सकाळी.”

“मीही एकदाच,” बाबा म्हणाले. मुलीने वही पुढे सरकवली. त्यांनी रेघांकडे पाहिले. “बरं, दोनदा.”

आजोबा भात कालवत राहिले.

“आजोबा?”

“मी कुठे पाणी घालतो? तोंड ओलं करतो त्याचं.”

“किती वेळा?”

“फार तर तीन वेळा. बिचारं दिवसभर उन्हात उभं असतं.”

बाबांना हसू आले, पण कुंडीखालच्या थाळीत पाणी तुडुंब भरलेले पाहून त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मीही तेव्हाच ते नीट पाहिले. ते सगळे पाणी माझ्याच तोटीतून गेले होते.

त्या संध्याकाळी मुलगी न्हाणीघरात गेली नाही. तिने कुंडी फिरवली आणि बोडकी बाजू फोनसमोर धरली.

“आत्या, आम्ही बुडवलं ते. सगळ्यांनी मिळून.”

आत्या कामावर बोलत असावी तशा सरळ सुरात बोलू लागली. “रडू नकोस, ऐक. मुळं पाण्यात राहिली तर त्यांना हवा मिळत नाही. रोप कुंडीतून काढ. काळी, मऊ झालेली मुळं काप. कोरड्या कागदावर रात्रभर ठेव आणि उद्या नव्या मातीत लाव. लावताना एक कप पाणी. मग दहा दिवस थेंबही नाही.”

“आणि जगेल?”

“ते मला सांगता येणार नाही. आपण आपलं काम करायचं.”

छापखान्याचे कोरे कागद उपयोगी पडले. बाबांनी मुळांखालचे कागद चारदा बदलले.

रोप नव्या मातीत गेले, पण माणसांच्या हातांचे काय करायचे? दुसऱ्याच दिवशी आजोबा मला नळाखाली धरताना सापडले. “सवय गं,” ते म्हणाले. “तिची आठवण आली की पाय इकडेच वळतात.”

मुलीने मला त्यांच्या हातातून घेतले, आतून पुसून कोरडे केले आणि कुंडीशेजारी ठेवले. मग कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि पेन्सिल आणून ठेवली. “पाणी घालावंसं वाटलं की आत्याला काय सांगायचंय ते लिहायचं आणि किटलीत टाकायचं. फोन आला की मी वाचीन.”

“ऐका मास्तरीणबाईंचं,” बाबा म्हणाले. पण तासाभराने तेच पहिल्यांदा आले आणि झाकण उघडून चिठ्ठी टाकली. टिंग.

मित्रांनो, त्या दहा दिवसांत माझ्यात एक थेंबही पडला नाही. आई स्वयंपाकातल्या फजित्या लिहायची. आजोबांची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली असायची. बाबांच्या प्रत्येक चिठ्ठीवर दोनच शब्द असायचे, ‘जेवलीस का?’ एकदा मुलीने त्या लागोपाठ तीन वाचल्या. आत्या पडद्यावरून बाजूला झाली. परत आली तेव्हा म्हणाली, “दादाला सांग, जेवले.”

भरणे हेच प्रेम, असे मी सोळा वर्षे समजत होते. आता मला वाटते, आधी बोट मातीत घालून पाहावे. तुमच्या घरी कुंडी असेल तर तुम्हीही तसेच करा. आणि कुंडीजवळ कोणी उगाच घुटमळत असेल, तर त्याला कशाची काळजी वाटते आहे ते विचारा.

अकराव्या दिवशी सकाळी मुलीने मातीत बोट घातले. माती कोरडी होती. नवी पाने अजून आली नव्हती, पण खोड नखाने किंचित खरवडले तर आत हिरवे, जिवंत होते. तिने माझ्यातल्या चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या आणि मला नळाखाली धरले. अर्धी भरल्यावर थांबली, मग एका कपापुरते ठेवून बाकीचे पाणी बादलीत परत ओतले. रोपाला घातले. टिंग झाले.

मग ती गॅलरीच्या दारातून घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आजचं पाणी झालं,” आणि पेन्सिल घेऊन स्वतःची चिठ्ठी लिहायला बसली.