नाडीनं बांधलेली बत्ती

ज्याला बायकोच्या सायकलवर एक बत्ती धड बसवता येत नाही, त्यानं निदान चार माणसांत 'मीच बसवली' म्हणून मिरवू तरी नये. पण हा गृहस्थ परवा गिऱ्हाइकासमोर छाती पुढे काढून नेमकं तेच बोलला, आणि दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या सायकलवरून मी ते ऐकलं. तेव्हापासून माझा जीव नुसता धुमसतो आहे.

मित्रांनो, मी सायकलची एक जुनी बत्ती आहे. जुनी म्हणजे भंगारातली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझं अंग जाड पत्र्याचं आहे आणि त्यावर चकचकीत मुलामा आहे. काच उभ्या रेघांची आहे आणि काचेवर लहानशी टोपी आहे, म्हणजे उजेड वर आभाळात न जाता खाली रस्त्यावर पडावा. हल्लीच्या त्या प्लास्टिकच्या बत्त्या बघितल्या की मला हसू येतं. दोन दिवस डोळे मिचकावतात आणि तिसऱ्या दिवशी खुळखुळ्यासारख्या वाजतात. माझ्या पोटात आजवर काहीही वाजलेलं नाही.

ज्या कारखान्यात मी घडले तिथं शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. ती प्रत्येक बत्ती कानाशी धरून हलवायची आणि आतून आवाज आला की बाजूला टाकायची. माझ्या वेळी तिनं दोनदा हलवलं, कारण पहिल्यांदा तिचा विश्वासच बसला नाही. मग मला मऊ कागदात गुंडाळलं. पुढे आयुष्यात काय वाढून ठेवलंय हे तिला ठाऊक असतं, तर तिनं मला स्वतःच्याच घरी नेलं असतं.

माझे पहिले मालक पाणीखात्यात होते. गावाबाहेर, कालव्याच्या काठावर पंपघर आहे. तिथं पहाटे उजाडण्याआधी जायचं, मोठ्या नळाचं लोखंडी चाक फिरवायचं आणि गावाला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. रस्ता कालव्याच्या कडेकडेनं जातो. कठडा नाही, खांबावर दिवा नाही. जो काही उजेड असेल तो माझा. मालक पायडल मारायला लागले की मागच्या चाकाला घासून डायनामो गुणगुणायचा आणि मी समोरचा रस्ता असा उजळायचे की खडान् खडा मोजून घ्यावा.

त्या सायकलला हँडलच्या खाली, अगदी मधोमध, एक लोखंडी कान होता. माझी पाठ त्या कानात बसायची, वरून वायसर, त्यावर नट. पण मालकांचं तेवढ्यावर समाधान नसे. नट आवळून झाला की ते पुढचं चाक हातभर उचलायचे आणि धाडकन खाली सोडायचे. मग वाकून माझ्या तोंडाकडे बघायचे. माझी मान तसूभरही हलली नसेल तरच ते सायकलवर बसायचे. लोक हसायचे त्यांना. हसू देत. इतक्या वर्षांत ते एकदाही पडले नाहीत, आणि गावाच्या नळाला एकदाही उशिरा पाणी आलं नाही.

मालक थकले तेव्हा ते चाक त्यांच्या लेकीच्या हाती आलं. त्या जागेवर याआधी कधी बाई नव्हती. तिला जमायचं नाही म्हणणारे पुष्कळ होते. तिनं कोणाशी वाद घातला नाही. पहाटे उठायची, जायची, चाक फिरवायची. बापाची सायकल तिच्याकडे आली आणि सायकलबरोबर मीही आले. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

मग त्या सायकलचा सांगाडा गंजून मधोमध चिरला आणि घरात नवी सायकल आली. इथून पुढचं मी रागानं सांगणार आहे, तेव्हा सांभाळून ऐका.

माझ्या या लेकीचा नवरा शिंपी आहे. गाव त्याला मास्तर म्हणतं. मी त्याला तात्पुरतेराव म्हणते, कारण घरातली कुठलीही वस्तू मोडली की हा एकच शब्द बोलतो, 'तात्पुरतं बांधून देतो.' खिडकीची झडप पट्टीनं बांधलेली. खुर्चीचा पाय सुतळीनं बांधलेला. पातेल्याच्या झाकणाची मूठ म्हणजे दोऱ्याचं रीळ. आणि मोरीतला नळ चिंधीनं आवळलेला. सगळ्या गावाला पाणी सोडणाऱ्या बाईच्या घरचा नळ रात्रंदिवस चिंधीतून टिपकतो, आणि याला त्याचं काही वाटत नाही.

आता कोणी म्हणेल, बिचाऱ्याचा हातच तसा असेल. छे. दुकानात जाऊन बघा त्याला. सदऱ्याच्या काखेत एक टाका ओढलेला दिसला तर अख्खी बाही उसवतो. अंगात सदरा घातलेल्या गिऱ्हाइकाला म्हणतो, हात वर करा. खाली करा. आता खुर्चीत बसा. वाका बघू, बुटाची नाडी बांधल्यासारखं करा. गिऱ्हाईक कंटाळून म्हणतं, अहो मास्तर, उभ्यानं तर छान बसलाय की. त्यावर हा म्हणतो, "उभ्यानं सगळंच छान बसतं साहेब, माणूस हलला की खरं कळतं." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. असा हा शहाणा.

नव्या सायकलला तो लोखंडी कान नव्हता. हँडल मधे जाड आणि कडेला बारीक. सायकलच्या दुकानदारानं डायनामो नीट बसवून दिला आणि म्हणाला, बत्तीसाठी मापाचा क्लॅम्प मागवावा लागेल, दोन दिवस थांबा. पण तात्पुरतेरावांना दोन दिवस कुठलं थांबवतंय. एवढ्याशा कामाला ह्याच्या दारात काय बसायचं, मी बसवतो घरी, असं म्हणून मला खिशात घालून घेऊन आला.

आणि त्यानं मला नाडीनं बांधलं. हो, पायजम्याच्या नाडीनं. बांधून झाल्यावर अंगणात सायकल स्टँडवर लावली, हातानं मागचं चाक फिरवलं, समोरच्या भिंतीवर माझा उजेड पडला, तसा खूश होऊन म्हणाला की बघ, कशी फक्कड बसली. उभ्या सायकलवर बसेलच की रे. पहाटे पहिल्या खड्ड्याला माझी मान लुळी पडली आणि पंपघर येईपर्यंत मी सायकलचंच चाक बघत राहिले.

लेकीनं घरी येऊन सांगितलं. तेव्हा यानं नाडी काढून इलॅस्टिक लावलं. मग मी रस्ताभर अशी नाचत होते की कालव्यातल्या बेडकांनासुद्धा लाज वाटली असेल. इलॅस्टिक गेलं आणि चिकटपट्टी आली. ती पहाटेच्या दवानं सुटली. शेवटी कुठूनसा एक क्लॅम्प घेऊन आला, तो हँडलला ढगळ. तर त्याच्या आत सदऱ्याचं उरलेलं कापड कोंबलं. कापड गुळगुळीत, हँडल गुळगुळीत. क्लॅम्प घसरायला लागला तसा यानं नट आवळत नेला, आवळत नेला, आणि बोल्टचे आटे घालवून बसला. वर म्हणतो, हँडलच फालतू आहे. दर वेळी शेवटी तेच वाक्य, "सध्या चालवून घे, रविवारी बघतो."

खरं सांगायचं तर माझा थोडा राग लेकीवरही आहे. नळ, वायसर, पाना यांच्यातच तिचं सगळं बालपण गेलं. माझी पाठ हातात घेतली असती तर चुटकीसरशी तिला उमगलं असतं. पण ती पान्याला हात लावायला गेली की याचा चेहरा पडायचा. राहू दे, मी करतोय ना, म्हणायचा आणि दोन दिवस गाल फुगवून बसायचा. मग ती पाना ठेवून द्यायची. नवऱ्याचा मान राखायचा म्हणून ही बाई एका हातानं हँडल धरायची आणि दुसऱ्या हातानं मला वर धरून कालव्याच्या कडेनं जायची. असला कसला मान, जो अंधारात एका हातानं पेलावा लागतो.

जे व्हायचं ते झालंच. आदल्या दिवशी कुणीतरी रस्ता खणून खडीचा ढीग तसाच टाकून गेलं होतं. माझं तोंड समोर असतं तर तो ढीग लांबूनच दिसला असता. पण एका गचक्यात मी तिच्या बोटांतून निसटले आणि खाली तोंड करून लोंबकळले. मला टायर दिसत होता, टायरपुढे खडी दिसली, तोवर चाक रुतलं. तिचा एकच हात हँडलवर, एकच ब्रेक हाताशी. सायकल आडवी झाली. पुढचं चाक कालव्यावर, नुसतं हवेत फिरत राहिलं. ती काठावर पालथी पडली होती आणि उजवं मनगट अंगाखाली होतं. खाली पाणी काळं दिसत होतं. थोडा वेळ ती हलली नाही. मित्रांनो, माझ्या एवढ्या आयुष्यात मला कधी भीती वाटली नव्हती. तेव्हा वाटली.

मग ती उठली. सायकल ओढून रस्त्यावर घेतली आणि पंपघरापर्यंत चालत गेली. ते लोखंडी चाक दोन हातांचं आहे. तिनं एक हात आणि एक खांदा लावून फिरवलं. गावाला पाणी उशिरा गेलं. बायका बादल्या घेऊन ताटकळल्या, दुपारी खात्यात तक्रार पोचली आणि मोठ्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की आणखी एकदा असं झालं तर पहाटेचं काम दुसऱ्याकडे जाईल. बाईमाणसाला जमायचं नाही म्हणणारे त्या खोलीच्या दाराशीच उभे होते.

घरी आल्यावर तात्पुरतेराव काय म्हणाले असतील? "कुठं लक्ष होतं तुझं?" एवढंच. त्यानंतर मात्र त्यानं हात गळ्यात अडकवायला झोळी शिवली. काय सांगू तुम्हाला त्या झोळीबद्दल. कडेला दुहेरी शिलाई, मानेला रुतू नये म्हणून आत मऊ कापडाची घडी. तिला उभी करून, बसवून, वाकवून तीनदा बघितली. म्हणजे येत होतं ना सगळं? पडायच्या आधी यायला काय झालं होतं? आणि त्याच संध्याकाळी माझ्या क्लॅम्पमध्ये कागदाची घडी कोंबून वरून दोरा गुंडाळला. सध्या चालवून घे.

दुसऱ्या दिवशी लेक नेहमीपेक्षा लवकर उठली. दोरा दातानं तोडला, मला सोडवून पिशवीत घातलं आणि सायकल हातात धरून चालत पंपघरी गेली. पाणी वेळेवर सोडलं. मग उजाडल्यावर झोळीतून हात बाहेर काढून मला मांडीवर घेतलं. पाण्याचे दोन नळ जिथं जोडतात तिथं मधे रबर घालतात, कारण लोखंड लोखंडाला धरत नाही. रबर दोघांनाही धरतं. त्या रबराचा एक तुकडा कोपऱ्यात पडला होता. तिनं हँडलवरचं तेल आधी पुसलं. रबराची पट्टी कापून हँडलभोवती बसवली, वर क्लॅम्प, नवा बोल्ट, वायसर, नट. नट पुरेसा आवळला आणि तिथंच थांबली. जास्त आवळायला अक्कल लागत नाही, थांबायला लागते.

मग तिनं डाव्या हातानं पुढचं चाक उचललं आणि धाडकन खाली सोडलं. वाकून माझ्याकडे बघितलं. पुन्हा एकदा सोडलं. माझी मान तसूभर हलली नव्हती. तिच्या बापानंतर मला असं कोणी बघितलं नव्हतं. तिनं पदरानं माझी काच पुसली, आणि मी जर बाई असते तर तिथंच रडले असते.

त्यानंतर रोज पहाटे ती झोळीतून हात काढून दोन्ही हातांनी हँडल धरू लागली आणि कालव्याचा रस्ता पुन्हा माझा झाला. परवा येता येता ती दुकानात टेकली. आत एक गिऱ्हाईक हात वर करून उभं होतं. त्याची नजर दारातल्या सायकलवर गेली आणि ते म्हणालं, वा, बत्ती काय पक्की बसलीये. तोंडात टाचण्या धरलेल्या तात्पुरतेरावांनी टाचण्या बाहेर काढल्या, मान ताठ केली आणि म्हणाले, "मीच बसवली."

लेकीनं झोळीतला हात सावरला. आवाज चढवला नाही. "अहो," ती म्हणाली, "बत्ती मी बसवली. पंपघरात बसून, डाव्या हातानं."

गिऱ्हाइकानं वर केलेले हात हळूच खाली घेतले. तात्पुरतेरावांचे कान लाल झाले. टेपशी खेळत, खाली बघत ते पुटपुटले, "मग तुला येतं हे आधी सांगायचंस ना."

मित्रांनो, तुमच्याशी माझं बोलणं इथं संपलं. तुमच्या घरातली वस्तू ज्यानं बसवली असेल त्याच्यावर विसंबू नका. हलवून बघा, आपटून बघा, आणि तिच्या भरवशावर जो अंधारात जाणार आहे त्याला आधी विचारा. आता जरा बाजूला व्हा. मला या माणसाशी समोरासमोर बोलायचं आहे.

"तात्पुरतेराव, तुला येत नसतं तर मी माफ केलं असतं. पण तुला सगळं येतं. परक्या माणसाची काख ओढू नये म्हणून तू त्याला बसवतोस, उठवतोस, वाकवतोस. आणि तुझी बायको रोज पहाटे कालव्याच्या कडेनं जाते, तिची सायकल तू एकदाही अंगणातून बाहेर काढली नाहीस. ती पडायची वाट बघितलीस, आणि मग तिच्यासाठी सुबक झोळी शिवलीस. आता तिनं सांगायला हवं होतं म्हणतोस? ती पहिल्याच दिवशी सांगत होती रे, तू रविवारी ऐकणार होतास. तुझा हात चांगला आहे, नियत तात्पुरती आहे. घरी जा. पंपघरातलं उरलेलं रबर तिच्याकडे माग, मागताना लाज वाटली तर वाटू दे. आणि सगळ्यात आधी त्या नळाची चिंधी सोड."