फौजदार आणि लोळ्या

ती पूर्वी माणसांची व्यक्तिचित्रं करायची. निवृत्त होणारे संचालक, संस्थापक, कुणाचे तरी आजोबा. सगळ्यांना चित्रात दहा वर्षांनी तरुण व्हायचं असायचं. एकदा एका संचालकांच्या खुर्चीमागची मांजर तिने हौसेने रंगवली, आणि लोक संचालकांना सोडून मांजरीपुढेच रेंगाळू लागले. तेव्हापासून ती फक्त प्राणी रंगवू लागली, पण माणसांसारखेच. भलामोठा कॅनव्हास, डोळ्यांना डोळे भिडतील अशा उंचीवर टांगलेला. शेळी, गाढव, एकदा तर एक चिडकं बदक.

एक दिवस चष्म्याचं दुकान असलेला एक गृहस्थ तिच्या स्टुडिओत आला. वडील गेल्यावर त्यांचा कुत्रा कुणी सांभाळायचा, यावरून त्याचं नि मोठ्या बहिणीचं चांगलंच वाजलं होतं. शेवटी पंधरा दिवस त्याच्याकडे, पंधरा दिवस ताईकडे, असं ठरलं. कुत्र्याची ने-आण दुकानदाराची मुलगी करायची. बहीणभाऊ मात्र एकमेकांचा उंबरा चढत नव्हते.

"म्हातारा झालाय तो आता," दुकानदार म्हणाला. "एक चित्र माझ्यासाठी करा, एक ताईसाठी. नाहीतर उद्या चित्रावरून जुंपायची."

त्याच्या घरी ती गेली तेव्हा टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, मुलांची भांडणं असा सगळा गोंधळ होता. त्या गोंधळात कुत्रा सोफ्यावर चारी पाय वर करून उताणा पडला होता. जीभ बाहेर, डावा कान फाटका. मुलं त्याला लोळ्या म्हणत. तिने भराभर रेखाटनं केली आणि हसतच घरी आली.

पुढच्या पंधरवड्यात ती ताईकडे गेली. ताई एकट्या राहत. प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. घर इतकं शांत की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. घरातल्या आतल्या बोळात एक कुत्रा ताठ बसला होता.

"दुसरा कुत्राही आहे का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"दुसरा कुठला? हाच तो फौजदार. बाबांनी ठेवलेलं नाव."

"हा? लोळ्या?"

"शी! काय नाव आहे का ते!"

डावा कान फाटका होता, म्हणजे कुत्रा तोच. पण चेहरा काही केल्या जुळेना. तिने बिस्कीट दाखवलं. तिकडे त्यासाठी तो नाचला होता, इथे त्याने नुसतं हुंगलं. खिडकीपाशी उजेड चांगला होता म्हणून तिने बोलावलं. आला, शेपूट हलवली आणि परत जाऊन बोळातल्या त्याच फरशीवर बसला.

आता चित्र बाजूलाच राहिलं, तिला त्या फरशीचंच कोडं पडलं. ती सरळ बोळात आडवी झाली आणि हनुवटी जमिनीला टेकवून बघू लागली.

"अहो, चक्कर आली का?" ताई धावत आल्या.

"नाही हो, हा काय बघतो ते बघतेय."

तिथून एका बाजूला बाहेरचं दार दिसत होतं, दुसऱ्या बाजूला बाथरूमचं. ताई हात धुवायला आत गेल्या. लगेच कुत्रा उठून उभा राहिला, कान टवकारून. नळ बंद झाला, ताई बाहेर आल्या, तेव्हा कुठे तो खाली बसला.

"ताई, आत काही झालं होतं का कधी?"

ताईंनी टॉवेलला बराच वेळ हात पुसले. "घसरले होते. उठताच येईना. हा असा भुंकत सुटला की वरच्या मजल्यावरच्या बाई धावून आल्या. तेव्हापासून जागा सोडत नाही."

"भावाला माहीत आहे?"

"त्याला कशाला? म्हणेल, तुला तुझंच झेपत नाही, कुत्रा माझ्याकडेच राहू दे."

यावर तिने काही सल्ला दिला नाही. फक्त विचारलं, "चित्रात ते दार घेऊ का? त्याच्याशिवाय हा असा का बसलाय ते कळणार नाही."

"घ्या की. दार थोडंच बोलणार आहे!"

चित्रं झाल्यावर दोघंही बघायला आले, एकमेकांकडे न बघता. आपलं चित्र बघून दुकानदार खूश झाला. मग दुसऱ्यापुढे थबकला. चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हा आमचा नाही. एवढा ताठ कधी बसतो तो? आणि बाथरूमचं दार मध्येच कशाला?"

ताई मात्र उताण्या कुत्र्यापुढून हलेनात. "असा झोपतो हा? पोट उघडं टाकून?" त्यांचा आवाज जरा पडला. "माझ्याकडे कधीच नाही."

"आमच्याकडे तर दिवसभर हेच."

"तुझ्याकडे माणसं आहेत. त्याला काही काम नाही." आणि मग त्यांनी घसरल्याचं सांगून टाकलं.

दुकानदार लालबुंद झाला. "परक्या बाईंना सांगितलंस आणि मला नाही?"

"त्यांनी विचारलं."

तो तडक निघून गेला. चित्रही नेलं नाही. आपण उगाच दार रंगवलं की काय, या विचाराने तिचे पुढचे काही दिवस वाईट गेले.

मग ताईंचा फोन आला, दोन्ही चित्रं इकडेच घेऊन या म्हणून. ती पोचली तेव्हा आत ड्रिल मशीन घरघरत होतं. दुकानदार बाथरूमच्या भिंतीत धरायची दांडी बसवत होता. एक फरशी तडकली होती आणि ताई त्याचा उद्धार करत होत्या. कुत्रा आवाजाला घाबरून टेबलाखाली दडला होता.

चित्रांची मात्र अदलाबदल झाली. लोळणारा ताईंनी ठेवून घेतला. "असा तो मला बघायला कुठे मिळतो?" म्हणाल्या. ताठ बसलेला दुकानात लागला, चष्म्यांच्या कपाटाशेजारी. नंबर तपासायला आलेली माणसं विचारतात, हा कुत्रा एवढं टक लावून काय बघतोय? दुकानदार हातातलं काम ठेवून सगळं सांगतो, थोडं तिखटमीठ लावून. त्याच्या सांगण्यात आता वरच्या मजल्यावरच्या बाई नसतात. कुत्रा स्वतःच दार उघडतो.