अकरा थरांखालचं छत

सोलर पॅनेल मी मागवली, तीही बाबांना न विचारता. विचारलं असतं तर ते आधी नाही म्हणाले असते, मग का नाही त्याचं कारण शोधत बसले असते, आणि त्यात वर्ष निघून गेलं असतं. आमच्याकडे वीज रोज दुपारी जायची, आणि सरसाचं भांडं तापून तयार झालं की नेमकी तेव्हाच जायची. निवलेला सरस पुन्हा पुन्हा तापवला की त्याची पकड जाते. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस हातात ब्रश धरून बंद पंख्याकडे बघत बसलेला मला बघवेना. म्हटलं, घ्या, आता सूर्यावर चालवा तुमचं दुकान.

बाबा पुस्तकं बांधतात. मधल्या मोठ्या खोलीत त्यांचं सगळं साम्राज्य आहे: लाकडी प्रेस, पुठ्ठे कापायचं टेबल, कापडाच्या गुंडाळ्या आणि लोकांची उसवलेली पुस्तकं. घरात आम्ही दोघंच. मी पार्सल ऑफिसात वजनकाट्यावर बसते, सव्वीस वर्षं झाली. पार्सल हातात घेतलं की काट्याआधी मला त्याचं वजन कळतं, आणि या गोष्टीचा मला फार गर्व होता.

पॅनेलवाला गच्चीवर गेला आणि पाच मिनिटांत खाली आला.

"बाई, या छतावर मी काही बसवणार नाही."

"का? छताला काय धाड भरलीये?"

"तुमचा कठडा मांडीएवढाच आहे."

"मग?"

"कठडा कंबरेएवढा बांधतात. तो काही बुटका झालेला नाही. तुमची गच्ची वीतभर वर आलीये."

गच्ची वर आली नव्हती, बाबांनी ती चढवली होती. गळती दिसली की ते स्वतः वर जायचे आणि एक थर घालायचे. कधी विटांचे तुकडे आणि चुना, कधी फरशी, कधी डांबर आणि त्यावर जाड कापड. खालचं कधीच काढायचे नाहीत. बाइंडरच ते! फाटक्या पुस्तकाची जुनी पाठ ते कधी सोलत नाहीत, तिच्यावर नवं कापड चढवतात. "जुनं फाडलं की पानं सुटतात," हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. पुस्तकांना ते लागू पडतं. छतालाही पडतं असं आम्ही दोघं चाळीस वर्षं धरून चाललो. डांबराची बादली धरायला मीच असायचे. लोकांच्या पार्सलातले दहा ग्रॅम पकडणाऱ्या मला डोक्यावर काय साठतंय हे एकदाही सुचलं नाही.

मग इंजिनिअर बाई आल्या. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलणं एकदम सरळ. त्यांनी मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छताखाली दोरी ताणली, दोन्ही टोकांना छतापासून सारखंच अंतर ठेवून. मध्यभागी छत दोरीकडे दोन बोटं झुकलं होतं. आम्ही रोज त्याखाली वावरत होतो.

त्या बाबांच्याच स्टुलावर बसल्या आणि माझ्याशी न बोलता त्यांच्याशी बोलल्या, हे मला आवडलं.

"आजोबा, तुमच्या डोक्यावर दहा-बारा टन ओझं आहे. ते सगळं काढावंच लागेल. ओझं उतरल्यावर छत निदान चार मिलिमीटर वर यायला हवं. आलं, तर त्यात अजून जीव आहे. वर एक पातळ नवा थर घालू आणि पॅनेल बसवू."

"आणि नाही आलं तर?"

"तर पाडून नवं टाकायचं. आठ महिने तरी जातील. तोवर इथे राहता येणार नाही."

बाबांनी मान डोलावली, चहा विचारला, त्यांना दारापर्यंत सोडून आले. मग मला म्हणाले, "सरकार, आठ महिन्यांसाठी बाहेर पडलो तर मी काही परत येत नाही. हे तुलाही कळतंय." मी सगळ्यांवर हुकूम सोडते म्हणून ते मला सरकार म्हणतात. त्या दिवशी सरकार कोपऱ्यात तोंड फिरवून उभं होतं. सगळं माझ्यामुळे झालं होतं. मी सूर्य मागवला नसता तर कोणी दोरी ताणलीच नसती. आणि दोरी ताणली नसती तर एक दिवस ते सगळं प्रेसवर आणि बाबांवर आलं असतं, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या की माणसाने कुणावर चिडायचं? मी दूधवाल्यावर चिडले.

काम सुरू होण्याआधी खोली रिकामी केली. छताखाली लोखंडी टेकू उभे राहिले, छतापासून नखभर अंतर ठेवून. मध्यभागी जमिनीवर इंजिनिअर बाईंनी एक उंच काठी घट्ट रोवली आणि तिच्या टोकाला घड्याळासारखी एक तबकडी बसवली. तबकडीचा दांडा छताला टेकलेला. "एका मिलिमीटरच्या हिच्यावर शंभर रेघा आहेत. छत केसाइतकं हललं तरी सुई सांगेल," त्या म्हणाल्या. खालून वाचता यावं म्हणून त्यांनी मला एक छोटी दुर्बीण दिली. दर तासाला दारातून बघायचं आणि वहीत लिहायचं, हे काम माझं. काटा वाचायचा म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मुकादमाने आपली सात माणसं घेऊन कडेपासून सुरुवात केली. दिवसभर डोक्यावर छिन्नी-हातोडा. संध्याकाळी सुई अर्ध्या मिलिमीटरवर. बाबा बाहेरच्या खोलीत खोक्यांच्या मधे बसून एकाच पुस्तकाची शिवण तीनदा उसवत होते.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"झोपलंय."

"म्हातारं आहे. हाका माराव्या लागतील," ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी दुर्बीण लावली. सुई उलटी गेली होती. छत वर यायचं सोडून खाली चाललं होतं! मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. बघते तर गच्चीच्या बरोबर मधोमध राडारोड्याचा ढीग, आणि त्याच्याभोवती मुकादमासकट आठही जण चहा पीत बसलेले.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ढीग कडेला गेला. मुकादम चहाचा पेला हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला.

"बाई, तुम्ही तर खाली होतात. आम्ही मधे बसलोय हे कळलं कसं?"

"छताने चुगली केली."

त्याला आधी थट्टा वाटली. मी त्याला खाली आणलं, दुर्बीण हातात दिली आणि वरच्या एका माणसाला मधे चालत यायला सांगितलं. सुई हलली. मुकादमाने पायातल्या चपला काढल्या. तीस वर्षं छतं फोडणारा माणूस. त्यानंतर तो गच्चीवर असा चालायचा की जणू खाली कोणी आजारी माणूस निजलाय.

दुपारी त्यानेच मला वर बोलावलं. मध्यभागी थर उभे कापले गेले होते आणि त्यांची कड उघडी पडली होती. मी वाकून मोजले. अकरा. डांबर काळं, चुना पांढरा, विटा लाल, आणि मधे कापडाच्या बारीक रेघा. आमच्या घराची चाळीस वर्षं तिथे एकावर एक ठेवलेली होती, आणि मला एकदम ओळख पटली. हा चौथा, माझी परीक्षा बुडाली तेव्हाचा. तो आठवा, आई गेली त्या वर्षीचा. मुकादम अर्धवट फोडलेल्या एका कोपऱ्याजवळ बसला होता. डांबराच्या प्रत्येक थराचं कापड कोपऱ्यात तिरकं कापून, घडी घालून आत दाबलेलं, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर दाबतात तसं.

"असं कोपऱ्याचं काम मी आजवर पाहिलं नाही," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "पण पाणी गच्चीतून येतच नव्हतं हो. हे बघा." कठड्याच्या मुळाशी एक फट होती, बोटाच्या पेराएवढी. अकरा थरांपैकी एकही तिच्यात शिरला नव्हता.

मी खाली जाऊन बाबांना दोन्ही सांगितलं, कोपऱ्यांचं आणि फटीचं.

"म्हणजे पुस्तक धडच होतं," ते म्हणाले. "मी आपला पुठ्ठ्यावर पुठ्ठे चढवत बसलो."

तिसऱ्या दिवशी मधला भाग उतरायला लागला आणि सुई चालू लागली. दर तासाला बघायचं काम होतं, पण मी दारातून हललेच नाही. एक मिलिमीटर. दीड. भिंतीच्या वरच्या कडेवरून चिमूटभर धूळ गळली, आणि कुठेतरी, बोटं मोडल्यासारखा, टक् असा आवाज झाला. दोन. अडीच. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तेच छत, तीच भेग, तोच पंख्याचा हूक. आणि तरी ते सगळं माझ्यासमोर वर चाललं होतं, दगडासारखं घट्ट, आणि उठत होतं. मला देवळात कधी हात जोडावेसे वाटले नाहीत. तिथे जोडले गेले.

चार वाजता शेवटचं घमेलं खाली आलं. गच्ची उघडी झाली आणि सुई थांबली. तीन पूर्णांक चार.

मी तीनदा वाचलं. इंजिनिअर बाईंनी वाचलं. "सकाळपर्यंत थांबू," त्या म्हणाल्या. "काही छतं सावकाश सुटतात." त्यांचा चेहरा मात्र मला आवडला नाही. त्या रात्री बाबांनी कपड्यांची पिशवी काढून खाटेवर ठेवली. मी ती उचलून कपाटात टाकली. त्यांनी परत काढली.

सकाळी त्या आल्या तेव्हा मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. स्वतः बघायचा धीर नव्हता. त्यांनी बघितलं, डोळा पुसला, पुन्हा बघितलं.

"चार पूर्णांक सहा," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं, "रात्रभर चढत होतं हे."

बाबांनी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे खोकी उघडा, आजोबा."

बाबा उठले आणि जिन्याकडे निघाले. गुडघ्यांमुळे सहा वर्षं ते वर गेले नव्हते. मुकादमाने एक हात धरला, इंजिनिअर बाईंनी दुसरा. जाता जाता बाई मला म्हणाल्या, "तुम्ही सुईवर लक्ष ठेवा." म्हणून मी एकटी खाली राहिले. रिकामी खोली, टेकू आणि ती काठी.

जिन्यावरची पावलं संपली. मुकादम म्हणाला, "आम्ही इथे कडेलाच थांबतो. तुम्ही जा." मग बराच वेळ काही नाही. मी दुर्बीण डोळ्याला लावली. सुई स्थिर होती. मग ती एक रेघ खाली आली. दोन. जरा थांबली, ते थांबले असणार. चार. पाच. सहा. सात, आणि तिथे राहिली.

बाबा मधोमध उभे होते. सव्वीस वर्षांत मी काय काय तोललं असेल, पण हे वजन मी कधी वाचलं नव्हतं. एवढासाच माणूस. सात रेघा. डोक्यावरचं अख्खं घर त्याच्यासाठी तेवढं वाकलं होतं आणि त्याला धरून होतं. मी रडले, सरळ मोठ्याने रडले.

सुई परत चढू लागली. सहा, चार, एक. ते कडेकडे निघाले होते, आणि छत जागेवर येत होतं, तसूभरही न चुकता.

"बाबा!" मी खालून ओरडले. "परत मधे या!"

"का गं? काय झालं?"

"काही नाही. नुसते उभे राहा जरा."