तिसऱ्या स्क्रीनवरचं बटण

मी एक बटण आहे, फोनमधलं. ‘रद्द करा’ एवढीच माझी ओळख. दवाखान्यातल्या तपासणीची वेळ ठरवायच्या ॲपमध्ये मी राहतो.

मला ताईनं घडवलं. ॲप वापरणारा कुठे अडू नये हे पाहणं तिचं काम. डिझायनर म्हणतात तिला. त्यासाठी ती दोन आठवडे एका दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसली होती. कागदावर काढलेल्या स्क्रीन लोकांच्या हातात द्यायची आणि गप्प राहून बघायची. एका मावशींना चष्मा लावूनही मी दिसेना. ताईनं तिथल्या तिथे खोडून मला अंगठ्याएवढं केलं, पहिल्याच स्क्रीनवर आणून बसवलं.

पुढे तिचं कामच बदललं. बाकावर बसणं बंद झालं. सोबतच्या चौघांची नोकरी गेली, त्यांच्या जागी एक प्रोग्राम आला. तो घटकाभरात वीस स्क्रीन काढतो. ताईनं फक्त एक निवडून ‘मंजूर’ म्हणायचं. एकदा साहेब म्हणाले, वेळ रद्द करणारे फार झालेत, आकडा खाली आला पाहिजे. प्रोग्रामनं मला तिसऱ्या स्क्रीनच्या तळाशी नेलं, राखाडी बारीक अक्षरांत. ताई बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मंजूर केलं.

आकडा उतरला. ऑफिसात टाळ्या वाजल्या. आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. कुणी दाबायला येईना, मी आपला निवांत पडून. हे आठवलं की आज मान वर होत नाही.

कारण त्याच दिवसांत एक म्हातारे शिंपी मला शोधत होते. त्यांच्या बायकोची दर गुरुवारी तपासणी असायची. ती वारली. ॲपला ते कोण सांगणार? दर बुधवारी सकाळी निरोप यायचा, ‘उद्या तपासणी आहे, वेळेवर या.’ शिंपीकाका दोन स्क्रीन ओलांडून यायचे, तिसरीवर थबकायचे आणि परत फिरायचे. मी एका बोटाच्या अंतरावर होतो. मला हाक मारता येत नाही.

सहाव्या बुधवारी ते फोन घेऊन थेट ऑफिसात आले. ताई जिना उतरून खाली आली.

“पोरी, मला यातलं कळत नाही, चूक माझीच असेल,” ते म्हणाले. “पण हिला आता बोलावू नका.”

ताईनं मला दाबलं. दोन सेकंदांचं काम.

“काका, चूक तुमची नाही. हे मीच केलंय.”

त्यांना ते उमगलं नाही. उलट त्यांनी तिचेच आभार मानले. ताई तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली.

वर जाऊन तिनं साहेबांना सगळं सांगितलं, मला जुन्या जागी आणायला सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण आकड्यावरून त्यांची नजर हलेना. अखेर ठरलं ते असं: निम्म्या फोनांवर मला पुन्हा मोठं करायचं, निम्म्यांवर आहे तसंच ठेवायचं, आणि महिनाभर आकडे बघायचे. ताई आता रोज दुपारी जेवण सोडून त्याच दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसते.

महिना अजून संपलेला नाही. तुमचा फोन त्या दुसऱ्या निम्म्यातला असेल, तर मला माफ करा. पण मागे फिरू नका. तिसऱ्या स्क्रीनवर, राखाडी अक्षरांत, मी इथेच आहे. अजून थोडं खाली या.